प्रति: ऐंशीनंतर झडप बदलणं नकोच?
"ऐंशी ओलांडली की हृदयाची झडप बदलायच्या फंदात पडू नये" हे वरचं मत मला अजिबात पटत नाही. अंगात किती ताकद उरली आहे ते जन्मतारीख सांगत नाही. आमच्या आईची ८१ व्या वर्षी टावी करायचं ठरत होतं, म्हणजे मांडीतल्या रक्तवाहिनीतून झडप बसवायची. तेव्हा इथे नाशकातच डॉक्टरांनी तिला व्हरांड्यात पाच मीटर चालायला लावलं. फरशीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा आणि हातात स्टॉपवॉच. सहा सेकंदांहून जास्त लागले तर चाल मंद धरतात. मग हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायचं. आई रोज गंगापूर रोडला फिरणारी, पदर खोचून सहज उठली. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन हे प्रथिनही बघितलं.

काका तर ७२ चेच, पण हीच खुर्चीची चाचणी देताना दुसऱ्याच वेळी त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांकडे गेले. त्यांनाही नकार मिळाला नाही, आधी प्रथिनांचा आहार आणि फिजिओथेरपी सांगितली. ज्यांच्या घरी तारीख ठरायची आहे त्यांनी या चाचणीबद्दल जरूर विचारा. पेशंट काठी वापरत असेल तर ती सोबत न्या, काठी घेऊन चाललेलं चालतं.