१७ सप्टेंबरला पाच मिनिटं, १४ फेब्रुवारीवर पाऊण तास: कोणत्या दिवसाची किंमत जास्त?

इतिहासाचा मास्तर (धागाकर्ता)

लातूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी इतिहास शिकवतो. परवा शाळा समितीच्या बैठकीत विषय निघाला. १४ फेब्रुवारीला पोरं फुलं, चिठ्ठ्या आणतात म्हणून गेटवर दप्तरं तपासायची आणि त्याच दिवशी आई-वडिलांच्या पूजनाचा कार्यक्रम ठेवायचा. पाऊण तास चर्चा झाली. मीही होकार दिला. घरी येताना आठवलं, गेल्या वर्षी १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमावर हीच समिती पाच मिनिटंही बोलली नव्हती. झेंडावंदन झालं, एक भाषण झालं आणि नऊच्या आत पोरं घरी गेली.

माझं मत सरळ आहे. ज्या दिवसासाठी माणसांनी सोसलं, तो दिवस मोठा. १५ ऑगस्ट १९४७ ला देशभर तिरंगा फडकला, पण आपल्याकडं तो हातात धरला तर तुरुंग होता. पुढचे तेरा महिने आपण निजामाच्याच हैदराबाद संस्थानात होतो. १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणायचं सोडलं नाही, म्हणून त्यांना काढून टाकलं. माझ्या दहावीच्या वर्गातल्या पोरांपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठी होती ती. १९४६ मध्ये बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे मारले गेले. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ कितीदा तुरुंगात गेले. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारताची फौज आत आली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. म्हातारी माणसं अजूनही याला 'पोलीस अ‍ॅक्शन'च म्हणतात.

आणि १४ फेब्रुवारी? त्या दिवसासाठी आपल्या मातीत कुणी काय दिलं? वीस रुपयांचं फूल, दोनशेचं चॉकलेट. प्रेमाला माझा विरोध नाही, पण त्याचा सण आपल्या मुलांना हवाच कशाला, हा माझा प्रश्न आहे. मोकळेपणानं बोला.

वाघाळा

सर, शंभर टक्के सहमत. १४ फेब्रुवारीलाच भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशीची शिक्षा सुनावली होती आणि पोरं गुलाब वाटतात. पुलवामाही त्याच दिवशी झालं. शाळेनं तपासणी केलीच पाहिजे.

इतिहासाचा मास्तर

पाठिंब्याबद्दल आभार, पण हा मेसेज खोटा आहे. त्यांना शिक्षा सुनावली ७ ऑक्टोबर १९३० ला आणि लाहोरच्या तुरुंगात फाशी झाली २३ मार्च १९३१ ला. पुलवामाचं खरं आहे, १४ फेब्रुवारी २०१९ ला सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्यांना जरूर वंदन करू. पण हुतात्म्यांच्या तारखा इकडच्या तिकडं केल्या तर त्यांचा मान राहत नाही. दरवर्षी निम्मा वर्ग हीच चूक पेपरात लिहितो.

तीस दिवस

सर, तुमच्या शेजारच्याच तालुक्यातली आहे मी. "आपल्या मातीत कुणी काय दिलं" असं विचारलंत म्हणून लिहिते, एरवी मी अशा चर्चेत पडत नाही.

मी आणि माझा नवरा वेगवेगळ्या जातीचे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं ठरवलं. त्या कायद्यात तीस दिवसांची नोटीस लागते. ती कार्यालयाच्या फळ्यावर डकवतात, नावं आणि पत्त्यांसकट. चौथ्या दिवशी कुणीतरी तिचा फोटो काढून आमच्या गावाच्या ग्रुपवर टाकला. त्या रात्री माझा मोबाईल काढून घेतला गेला. पुढचे सव्वीस दिवस मी कुठं होते, काय खाल्लं, कुणी लपवलं, ते इथं लिहीत नाही, कारण ज्यांनी ठेवून घेतलं ती माणसं अजून त्याच गावात राहतात. तिसाव्या दिवसानंतर सह्या झाल्या. तीन साक्षीदार लागतात. त्यातला एक ऐन वेळी आला नाही, तेव्हा बाहेरच्या झेरॉक्सवाल्यानं येऊन सही केली.

तुमच्या गेटवर चिठ्ठी सापडली की ती मुलाच्या घरी जाईल आणि मुलीच्याही घरी जाईल. मुलाला दोन थपडा बसतील. मुलीची शाळा सुटेल आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लागेल. माझ्याबरोबर नववीत असलेल्या दोघींचं असंच झालं. दप्तर तपासणारे शिक्षक चांगलेच होते, पुढं काय होईल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मला फुलाचं, चॉकलेटचं काही नाही. पण वर्षात एक दिवस असा असावा की ज्या दिवशी "मला हा माणूस आवडतो" असं म्हणणं गुन्हा ठरत नाही.

शेंदूरवादा

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण बाजारानं लादलेला दिवस कशाला? आपला दिवाळी पाडवा नवरा-बायकोचाच आहे की. बायको ओवाळते, नवरा ओवाळणी टाकतो. यापेक्षा सुंदर काय पाहिजे?

तीस दिवस

पाडवा मलाही आवडतो. पण तो लग्न झालेल्यांचा. कुणाशी लग्न करायचं हे ठरवण्याच्या आधीचा दिवस आपल्या पंचांगात कुठं आहे?

आणि बाजाराचं म्हणाल तर नांदेडला खादी ग्रामोद्योग समितीत तिरंगा शिवतात, हे आपल्या भागाचं भूषण. तरी १५ ऑगस्टला चौकात पॉलिस्टरचे झेंडेच जास्त दिसतात. २०२१ च्या डिसेंबरात ध्वजसंहिता बदलली, तेव्हापासून त्यांना परवानगीही आहे. म्हणून १५ ऑगस्ट लहान झाला का?

कोयत्याचं पोर

मी बीड जिल्ह्यातला, सध्या लातूरला राहून परीक्षेचा अभ्यास करायलोय. पाडव्याचा विषय निघाला म्हणून लिहितो.

आमच्याकडं ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम, म्हणजे टोळी नेणारा, उचल (आगाऊ पैसे) देतो ती जोडीला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात, म्हणून आमचा पाडवा बहुतेक वेळा फडाच्या कडंला खोपीतच होतो. आई निरांजन लावून ओवाळते, बाप हातात शंभराची नोट ठेवतो आणि पहाटं तीनला दोघं उसात. २६ जानेवारीलाही उसात, १४ फेब्रुवारीलाही उसात. आजारी पडलं तरी खाडा धरतात आणि खाड्याचे पैसे कापतात. गावी असताना येणारा झेंड्याचा दिवस म्हणजे १ मे, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर.

ताईंनी लग्नाचं लिहिलं ते आमच्यात उलट्या बाजूनं होतं. जोडी असली की पूर्ण उचल मिळते म्हणून पोरीचं पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न लावतात. माझ्या बहिणीचं तसंच झालं. आवडनिवड कुणी विचारली नाही. तिचा नवरा चांगला आहे, पण ते तिचं नशीब. शाळेनं १४ फेब्रुवारीला गेटवर उभं राहण्यापेक्षा ऑक्टोबरात कोणती पोरगी वर्गातून गायब झाली ते बघावं, असं मला वाटतं.

धाराशिवकर

थोडं वेगळं सांगतो. आमच्या घरात १७ सप्टेंबरला दादी बोलायच्या नाहीत. पोलीस अ‍ॅक्शननंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांवर काय गुजरलं, ते नेहरूंनी नेमलेल्या सुंदरलाल समितीनं लिहून ठेवलं आहे. रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, जे केलं ते आधी, आणि भयंकरच होतं. पण ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता, अशी माणसंही गेली. दादींचे दोन भाऊ त्यात होते. मी शाळेत झेंड्याला सलाम करतो तो मनापासून करतो. फक्त भाषणात आम्हाला निजामाची माणसं म्हणतात तेव्हा मुलगा माझ्याकडं बघतो. देशाचा दिवस साजरा करताना हेही आठवा, एवढंच.

इतिहासाचा मास्तर

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण घाईत लिहायचं नव्हतं.

धाराशिवकर, या वर्षीच्या भाषणात शोएबुल्ला खान यांचं नाव मी स्वतः घेणार आहे. हैदराबादचे संपादक. हैदराबाद भारतात सामील व्हावं असं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना मारलं. वीस वर्षं शिकवतोय आणि एकदाही त्यांच्याबद्दल बोललो नाही, याची लाज वाटते. तुमच्या दादींच्या भावांबद्दलही बोललं पाहिजे. ते कसं बोलायचं, ते तुम्हाला विचारूनच ठरवीन.

१७ सप्टेंबर माझ्यासाठी आजही मोठाच आहे, त्यावरून मी हललेलो नाही. शाळेचा वेळ आणि पैसा त्यावर खर्च व्हावा, १४ फेब्रुवारीवर नाही. पण १४ फेब्रुवारीला आपल्या मातीत कुणी काही दिलं नाही, हे माझं म्हणणं चुकीचं होतं. तीस दिवस ताई, ते मी मागं घेतो. दप्तर तपासणीला पुढच्या बैठकीत विरोध करीन आणि का ते सांगीन. कोयत्याचं पोर, ऑक्टोबरचं हजेरीपत्रक काल काढून बसलो. आठवीतल्या दोन मुली दिवाळीनंतर आलेल्या नाहीत. एकीचं गाव माहीत आहे, रविवारी जाऊन येतो.

१७ सप्टेंबरला ज्यांच्या घरात त्या काळातलं कुणी हयात आहे, त्यांना शाळेत बोलवायचं ठरवतोय. पोरांना माझ्या भाषणापेक्षा तेच ऐकू दे.

तीस दिवस

सर, माझ्या आजीचं माहेर भूमकडं, बार्शीच्या हद्दीला लागून. तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. निजामाच्या हद्दीपलीकडच्या कॅम्पात राहणाऱ्या मुक्तिसंग्रामातल्या माणसांसाठी तिची आई भाकरी बांधून द्यायची आणि ही ते गाठोडं डोक्यावर घेऊन शेताच्या वाटेनं जायची. वाटेत कुणी अडवलं तर मामाकडं चाललेय म्हणून सांगायचं, असं पढवलेलं. आमच्या लग्नानंतर घरातून पहिला फोन आला तो तिचाच. बाकीचे अजून बोलत नाहीत.

तिला मी घेऊन येते. नवराही येईल. पाच वर्षांत आम्ही दोघं त्या बाजूला एकत्र आलेलो नाही. कार्यक्रम किती वाजता आहे ते आधी कळवा, सकाळची औषधं घेऊन निघायला तिला वेळ लागतो.