गाडीवर जीव जडतो तो इंजिनामुळे की रस्त्यामुळे?

जुनी पुंगळी (सात रस्ता)

माझं मत आधीच सांगून टाकतो. बटण दाबलं की सुरू होणाऱ्या मोटारसायकलवर कुणाचा जीव जडत नाही. ती आवडते, मिरवायला बरी वाटते. पण जीव जडायचा तर गाडीने आधी तुम्हाला कामाला लावलं पाहिजे.

सोलापुरात आमच्या वयाच्या लोकांना हा नाद कसा लागला ते आठवा. आमच्या गल्लीत मिलमधल्या एका वीव्हिंग मास्तरांकडे येझदी होती. सकाळी ते निघायच्या वेळेला आम्ही पोरं तिच्याभोवती जमायचो, फक्त ती सुरू कशी होते ते बघायला. गिअरचा दांडा तोच किकचा दांडा, तोही डाव्या बाजूला. आत दाबून वर उभा करायचा, किक मारायची आणि इंजिनाने धरलं की तोच दांडा खाली आणून पहिला गिअर टाकायचा. सिलिंडर एक आणि पुंगळ्या, म्हणजे सायलेन्सर, दोन. हे सगळं इतक्या जवळून बघायला मिळालं की शाळेत इंजिनाची आकृती फळ्यावर आली तेव्हा ती आधीच ओळखीची होती.

बुलेटचा मामला तर आणखी अवघड. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. डिकॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारी छोटी कळ, ओढून किक हळूहळू दाबत अँमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मध्यावर आणायचा, मग डिकॉम्प्रेसर सोडून एकच पूर्ण किक. घाई केली की किक उलटी यायची आणि पाय धरून बसावं लागायचं. ज्याला हे साधलं त्याला आत पिस्टन कुठे आहे ते न बघता कळत होतं.

मग 1985 मध्ये यामाहाची आरएक्स 100 आली. 98 सीसी, 11 बीएचपी ताकद, वजन शंभर किलोच्या आसपास. आकडे आज किरकोळ वाटतील. पण होटगी रोडला ती दुसऱ्या गिअरमध्ये खेचली की घरात बसलेल्या पोरांना कळायचं, कोण गेलं.

एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाले आणि जवळपास सगळ्या गाड्यांचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, गेला. त्याच्याबरोबर चोक गेला, रिझर्व्हचा कॉक गेला. गाडीला चालवणाऱ्याच्या कानाची आणि हाताची गरज उरली नाही. असं असताना नव्या पोरांना तो नाद लागणार कुठून? ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

अशोक चौक

काका, येझदी आणि बुलेट आपल्या पूर्व भागात किती घरांत होत्या? तुम्ही 1985 सांगितलंत आणि त्याच वर्षी आलेली हिरो होंडाची सीडी 100 गाळलीत. 97 सीसी, फोर स्ट्रोक, म्हणजे टू स्ट्रोक आरएक्ससारखं इंजिनात जाळायला वेगळं टू-टी ऑईल घालायचं नाही. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरातच होती.

आमच्या घरात माग. वडील चादरींचा गठ्ठा सायकलला बांधून पायडल मारत व्यापाऱ्याकडे जायचे. मे महिन्यात पारा 43 वर गेला तरी जायचे. पुढे त्यांनी सीडी 100 घेतली, तीही जुनी. तेव्हापासून अक्कलकोटला माल पोचवून दुपारच्या जेवणाला घरी यायला लागले. शेंगाचटणी-भाकरी आमच्याबरोबर बसून खायला लागले. तिने त्यांना कधी रस्त्यात उभं केलं नाही, म्हणून तिच्यावर जीव. रविवारी ती धुताना कुणी मध्ये बोललेलं त्यांना चालायचं नाही. हे प्रेम नाही तर काय आहे?

जुनी पुंगळी (सात रस्ता)

तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण एक विचारतो. मागाचा आवाज बदलला की धागा तुटला, हे त्यांना पाठ फिरवलेली असतानाही कळायचं ना? हातातलं यंत्र असं कानाने ओळखणं, तीच तर माझ्या म्हणण्यातली गोष्ट. येझदीवाल्याला पॉइंटचं, म्हणजे ठिणगीच्या वेळेचं, सेटिंग हललं की असंच कळायचं. बटणाच्या गाडीत ही ओळख होतच नाही.

अशोक चौक

कळायचं. आणि त्याच खडखडाटाने त्यांचे कान गेले. आता मोठ्याने बोलल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही. यंत्राने माणसाकडून जास्त मेहनत घेतली म्हणून ते यंत्र जास्त लाडकं, हा हिशेब मागावर बसलेल्या माणसाला पटवून दाखवा.

पाना-पक्कड

मी गॅरेजवाला. रोज हेच बघतो म्हणून लिहितो.

टू स्ट्रोकच्या आवाजावर माझंही प्रेम आहे, पण त्या आवाजाची किंमत सांगायला पाहिजे. त्यात पेट्रोलबरोबर ऑईलही जळतं. शिवाय जळालेला धूर बाहेर पडताना थोडं ताजं, न जळलेलं पेट्रोलही पुंगळीतून निघून जातं. म्हणून अ‍ॅव्हरेज कमी आणि मागच्याच्या डोळ्यात धूर. 1996 आणि 2000 मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले ते काही उगीच नाही. आरएक्स 100 सुद्धा 1996 मध्येच थांबली.

दुसरं, आवाजावर भाळून गाडी घेणारं गिऱ्हाईक बरेचदा गाडीची काळजी घेत नाही. पुंगळी बदलायला पैसे असतात, चेन ढिली झालेली असते, मागचा टायर गुळगुळीत असतो. याउलट दूधवाले, पेपरवाले. त्यांच्या स्प्लेंडरला जरा वेगळी टिकटिक आली की गाडी दारात हजर. कान म्हणाल तर यांचेच कान तयार आहेत, आणि यांची गाडी बटणावरच सुरू होते. त्यामुळे पुंगळीदादा, तुमची अर्धी गोष्ट मान्य. अर्धी अजिबात नाही.

जुळे सोलापूर

माझा नाद पल्सरपासूनचा. दादाने घेतली होती. कार्बोरेटर मी उघडलेला नाही, पण ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लावायचा, वळणात नजर कुठे ठेवायची, हे मुद्दाम शिकलोय. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना 2019 पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, तेव्हा ते नेमकं काय करतं हेही वाचून काढलं. हिवाळ्यात पहाटे नान्नजकडे जाताना माळरानावरून जे वारं येतं त्यासाठी मी उठतो. तुमच्या पिढीला सुरू करण्यात मजा आली, मला चालवण्यात येते. आम्हाला प्रेम कळतच नाही म्हणता, हे लागतं.

विजापूर रोडवरची

पुंगळीदादा, तुम्ही सांगितलेल्या त्या घोळक्यात एकही मुलगी नव्हती हे तुमच्या लक्षात आलं का? आमच्या गल्लीतही असाच घोळका असायचा. मुलींना लांबूनच बघायला मिळायचं.

आमची गाडी लुना. 50 सीसी, पायडलवाली, 1972 पासून रस्त्यावर असलेली. मोटारसायकलवाले तिला गाडी म्हणायलाच तयार नसायचे. पण सोळाव्या वर्षी लायसन्स मिळायचं ते तिच्यावर. आई विड्या वळायची. पान-तंबाखू आणायला आणि विड्या पोचवायला ती उन्हात चालत जायची. लुना आल्यावर तिला मागे बसवून मी नेऊ लागले. त्यानंतर कॉलेज, मग नोकरी. पुढे भावाची स्प्लेंडर शिकले आणि एका पहाटे एकटी तुळजापूरला गेले. साधारण 45 किलोमीटर. घाट चढताना मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, थांबायचं कुठे ते माझ्या मनावर. इंजिन किती स्ट्रोकचं आहे हे तेव्हा मला माहीतही नव्हतं.

किक बसत नाही म्हणून कितीतरी मुलींना घरच्यांनी मोटारसायकलच्या जवळ जाऊ दिलं नाही. बटण आलं आणि ती सबब संपली. तुम्हाला जिथे प्रेम संपलेलं दिसतं, तिथून आमच्यातल्या बऱ्याच जणींचं सुरू झालं.

जुनी पुंगळी (सात रस्ता)

ताई, सबबीचं म्हणणं मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मूळ मुद्दा मी सोडत नाही. तुळजापूरचा आनंद रस्त्याचा झाला. तो एसटीच्या खिडकीतूनही मिळाला असता. लुना बंद पडायची तेव्हा काय करायचात? कुणीतरी तिच्यात हात घालत असेलच, आणि माझ्या मते तिच्यावर खरा जीव त्याचाच असणार.

विजापूर रोडवरची

हात मीच घालायचे. प्लग काढायचा, पेट्रोलने धुवायचा, काजळी घासायची, फुंकर मारून परत बसवायचा. पाना कायम पिशवीत असायचा. ते काम मला कधीच आवडलं नाही. काळे हात घेऊन वर्गात बसावं लागायचं आणि मुली बाजूला सरकायच्या. आणि एसटीच्या खिडकीतून तो आनंद मिळाला नसता, कारण एसटी तिच्या वेळेला निघते. आईला ताप असताना रात्री दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा मी कुणाच्या दारात किल्ली मागायला गेले नाही. माझा जीव लुनावर होता तो एवढ्यासाठी.