आहार-व्यायामाची खाती: आपण कोणते ठेवले, कोणते सोडले?

मोबाइल उघडला की कोणी भाकरी सोडायला सांगते, तर कोणी रात्रीचे जेवण. समाजमाध्यमांवरच्या अशा खात्यांपैकी आपण कोणते पाहत राहिलात, कोणते सोडलेत आणि कोणत्या प्रसंगामुळे, ते सोलापूरकरांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती. खात्यांची नावे देऊ नयेत; निवड कशी केली तेवढे कळावे.

निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

मला 9 वर्षांपासून मधुमेह आहे. मागच्या चैत्रात 16 तासांच्या उपवासाची एक व्हिडिओमालिका पाहून मी रात्रीचे जेवण बंद केले, संध्याकाळची गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेत राहिले. चौथ्या रात्री साडेदहाच्या सुमारास हात थरथरू लागले, पदर घामाने भिजला आणि समोरच्या घड्याळाचे काटे दिसेनासे झाले. सुनेने पेल्यात साखर विरघळवून पाजली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. माझी गोळी घेऊन जेवण चुकवले तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, असे डॉक्टरांनी समजावले. त्यानंतर मी ती मालिका पुन्हा पहिल्यापासून पाहिली. औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, हे वाक्य एकाही व्हिडिओत नव्हते. आता कोणतेही नवे खाते दिसले की मी आधी तेच वाक्य शोधते. सध्या एका आहारतज्ज्ञ बाईंचे खाते पाहते. ज्वारी टाकून द्या असे त्या म्हणत नाहीत. दोनऐवजी दीड भाकरी घ्या आणि ताटात भाजी व डाळ वाढवा, असे सांगतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे पटते आणि पाळताही येते.

चादर कारखान्यातील कामगार, अक्कलकोट रोड

एका पिळदार शरीराच्या तरुणाचे खाते पाहून मी दरमहा प्रोटीन पावडरचा डबा घेत असे, कारण त्याचा कोड वापरला की थोडे पैसे सुटत. त्या कोडमुळे विक्रीतला वाटा त्यालाही मिळत असतो, हे एका सहकाऱ्याने लक्षात आणून दिले. पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेली शिफारस जाहिरात म्हणून स्पष्ट दाखवावी, असा आपल्याकडे नियम आहे आणि ऑगस्ट 2023 मध्ये आलेल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आरोग्यतज्ज्ञ म्हणून सल्ला देणाऱ्याने आपली पात्रताही सांगायला हवी. त्या खात्यावर या दोन्हींचा पत्ता नव्हता. मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडा वाचला: निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने. माझे वजन 62 किलो, म्हणजे साधारण 51 ग्रॅम. जड व्यायाम करणाऱ्याला याहून अधिक लागतात, हे मान्य. तरीही अंडी, मटकी, वरण, दही यांतून बराच पल्ला गाठता येतो. शेंगदाण्यांत 100 ग्रॅममागे सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात खरी, पण शेंगाचटणी आपण दोन चमचेच खातो, म्हणून सगळा भार तिच्यावर टाकता येत नाही. हा हिशेब करून दाखवणारे एक खाते मी ठेवले आहे. डबा बंद केला.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सात रस्ता

मी खाते निवडताना एकच पाहते: ते बघून झाल्यावर मला चालायला जावेसे वाटते, की आरसा टाळावासा वाटतो? दुसऱ्या प्रकारची सगळी खाती परीक्षेच्या आधी काढून टाकली आणि जेवताना ताटाकडे संशयाने पाहणे थांबले.

क्रीडाशिक्षक, विजापूर रोड

जितका घाम जास्त तितकी चरबी कमी, असे एका खात्यावर ऐकून माझे तीन विद्यार्थी एप्रिलच्या दुपारी जाड जॅकेट घालून मैदानाला फेऱ्या मारत होते. पारा चाळिशीपार गेलेला असताना! घामातून जाते ते पाणी आणि मीठ. ते वजन पाणी प्यायले की परत येते. एकाच्या पोटऱ्यांत गोळे आले, उलटी झाली, तेव्हा त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे लागले. म्हणून व्हिडिओ कोणत्या हवेत चित्रित झाला आहे, हे मी मुलांना पाहायला लावतो. ज्या प्रशिक्षिकेचे खाते मी त्यांना सुचवले, ती बैठक मारताना आधी टाचा उचलल्या जाण्याची चूक स्वतः करून दाखवते, मग पावलांतले अंतर वाढवून ती सुधारते. ज्यांना खाली बसणे जमत नाही, त्यांच्यासाठी खुर्चीवरून उठण्याचा प्रकारही शिकवते.

गृहिणी, होटगी रोड

सासऱ्यांना रक्तदाबाबरोबर मूत्रपिंडाचा विकार आहे. एका खात्यावर कमी सोडियमच्या मिठाची शिफारस ऐकून मी ते घरी आणले. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते आणि मूत्रपिंड दुबळे असेल तर ते रक्तात साठू शकते. पुढच्या रक्ततपासणीत ते वाढलेले निघाले. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत तशी सूचना होती; ती न वाचल्याची चूक माझीही आहे. मी त्या खात्यावर सगळे लिहून कळवले. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी तेच पाकीट हातात धरून सूचना मोठ्याने वाचून दाखवली आणि जुना व्हिडिओ काढून टाकला. ते खाते मी अजून पाहते.