मदत हवी आहे: प्रीती आणि बुडालेली उसनवारी

सोलापुरातील आमच्या घरगुती प्रार्थनासभेत येत्या रविवारी मला बायबलमधील योहानाच्या पहिल्या पत्रातील ४:२० या वचनावर बोलायचे आहे. दिसणाऱ्या बंधूवर प्रीती न करणारा न दिसणाऱ्या देवावर प्रीती करू शकत नाही, हा त्याचा आशय. मागच्या वेळी लूक १० मधील चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त घेतला. परंतु अनोळखी जखमीला मदत करणे सर्वांनाच पटते (ऐकताना तरी), उसने पैसे बुडवणाऱ्या शेजाऱ्यापाशी मात्र चर्चा अडली. इफिसकरांस २:८-९ मध्ये तारण (पापातून सुटका) देवाच्या कृपेने आहे, तर याकोब २:१७ नुसार क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. श्रोते बहुतेक यंत्रमाग कामगार असून वेळ २० मिनिटेच आहे, त्यामुळे ग्रीक शब्दांची चिकित्सा नको. प्रीती हे विश्वासाचे फळ आहे असे सांगताना, त्या शेजाऱ्याकडे पैसे मागणे प्रीतीविरुद्ध ठरते का, आणि हे समजावण्यास कोणता उतारा घ्यावा?