कूलरच्या आधी मीटरकडे बघा

भाऊ, उन्हाळ्यात विजेचं बिल वाढलं की दोष कूलरला, असं तुम्ही तुमच्या पोस्टमध्ये लिहिलंय. आम्हीही भुसावळला तेच धरून बसलो होतो. मग मोजून पाहिलं.

आमच्या मीटरवर ३२०० इम्प असं छापलंय, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. बाकी सगळं बंद केलं (इन्व्हर्टरसुद्धा, नाहीतर बॅटरी चार्जिंग हिशोब बिघडवतं) आणि फक्त कूलर लावला. मिनिटाला दहा लुकलुक, म्हणजे १९० वॅटच्या आसपास. दहा तासांचे दोन युनिटही होत नाहीत! ४५ अंशात तेवढं तर माफच.

खरा चोर फ्रिज निघाला. तो अधूनमधून चालू-बंद होतो, म्हणून लुकलुक मोजून उपयोग नाही. रात्री फक्त तोच चालू ठेवून सकाळी रीडिंग घेतलं. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला चिकटून होता बिचारा, वर दाराचं रबर सैल. रबर बदललं, जागा हलवली.

पंखे मात्र एकदम बदलू नका. जो अठरा तास फिरतो तोच आधी बदलून बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा, कमी वीज खाणारा) घ्या: ७५ वॅटच्या जागी ३० धरले तरी रोज पाऊण युनिटाहून जास्त वाचतं. पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू द्या.