मदत हवी आहे : संक्रांतीला वर्गात वाटण्यासाठी शेंगदाण्याशिवाय, मऊ आणि सोपा गोड पदार्थ

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी पुण्यातील एका शाळेत दुसरीत शिकते. संक्रांतीनिमित्त वर्गात तिळगूळ वाटण्याचे काम या वर्षी आमच्याकडे आले आहे. वर्गात ४६ मुले आहेत. बाई आणि मावशी धरून ५० जणांचा खाऊ न्यायचा आहे. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत वाटला जातो, त्यामुळे हाताशी थोडे दिवस आहेत. मी आणि माझी पत्नी दोघेही नोकरी करतो, म्हणून आदल्या रात्री दीड-दोन तासांत करून सकाळी डब्यात भरता येईल असा पदार्थ हवा आहे.

तिच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. गेल्या वर्षी आम्ही नेहमीप्रमाणे दाण्याचे कूट घालून लाडू केले होते. मुलीने सर्वांना वाटत वाटत त्याच्यापुढे डबा धरला, त्याने हात पुढे केला आणि बाईंनी वेळीच पाहिले म्हणून अनर्थ टळला. बाकीची मुले लाडू खात असताना तो आपल्या डब्यातील बिस्किट खात बसला होता. घरी आल्यावर मुलगी एवढेच म्हणाली, "मी त्याला 'तिळगूळ घे' म्हटलं आणि दिलाच नाही." त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी पुडी बांधून देणे हा उपाय मला मान्य नाही. सर्वांना ज्या डब्यातून मिळेल, त्याच डब्यातून त्यालाही घेता यावे, एवढीच माझी इच्छा आहे.

त्याच्या आईशी मी सविस्तर बोललो आहे. तीळ, खोबरे, गहू, दूध आणि तूप त्याला चालते. शेंगदाणा अजिबात चालत नाही आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने काजू-बदामही टाळले जातात. दाणे भाजल्याने धोका कमी होत नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

हे ऐकल्यावर मी स्वयंपाकघराकडे नव्याने पाहिले, तेव्हा लक्षात आले की दाणे वगळणे म्हणजे केवळ कृतीतून एक जिन्नस कमी करणे नव्हे. आमच्याकडे आठवड्याचे कूट एकदम करून ठेवतात. ज्या भांड्यात ते होते, त्याच मिक्सरच्या भांड्यात तीळ फिरवणार होतो. झाकणाची रबरी रिंग काढून पाहिली, तर खाचेत तपकिरी कुटाचा घट्ट थर बसलेला होता आणि भांडे मात्र घासून लख्ख दिसत होते. आमचे रोजचे तेलही शेंगदाण्याचेच, म्हणजे ताटाला हात लावण्यापूर्वीच विचार करणे भाग आहे.

आतापर्यंत दोन प्रयोग केले आहेत. पहिल्या वेळी चिक्कीचा गूळ वापरून तीळ-खोबऱ्याची वडी थापली. चव उत्तम आली. परंतु थंडीमुळे पाक ताटातच इतका कडक झाला की वड्या पाडताना सुरी दाबून तुकडे फुटले. दुसरीतील निम्म्या मुलांचे दुधाचे दात हलत आहेत, माझ्या मुलीचे पुढचे दोन्ही पडले आहेत. त्यांना असा खाऊ देण्यात अर्थ नाही. दुसऱ्या वेळी साधा गूळ घेतला आणि पाक कच्चा ठेवला, तर वडी हाताला चिकटू लागली. दाण्याचे कूट गुळाला धरून ठेवते आणि मऊपणाही देते, हे ते काढून टाकल्यावर कळले. त्याच्या जागी काय घालावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

डाळ्याचे पीठ घालण्याचा विचार केला होता, पण आमच्या दुकानात डाळे, चुरमुरे आणि खारे दाणे शेजारशेजारच्या उघड्या पोत्यांत असतात आणि मापटे सर्वांना एकच. चुरमुऱ्यांचे लाडूही याच कारणासाठी सोडून दिले. काटेरी हलवा विकत आणणे सर्वांत सोपे, परंतु तो तीळ, खसखस, साबुदाणा यांच्याप्रमाणे शेंगदाण्यावरही करतात, आणि सुट्या हलव्यात कोणाची मिसळ झाली असेल ते ओळखता येत नाही. चॉकलेट किंवा केक नको, असे शाळेने कळवले आहे, आणि संक्रांतीला तीळ असावेत असे आम्हालाही मनापासून वाटते.

कृपया अनुभवी मंडळींनी प्रमाणासह मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

दादा, पाकाच्या वाटेला जाऊच नका. तीळ घालून गुळपापडी करा, कारण तिला पाक लागत नाही आणि दाण्याच्या कुटाचे काम तिथे भाजलेली कणीक करते.

दोन वाट्या कणीक आणि दोन चमचे बारीक रवा पाऊण वाटी तुपात मंद आचेवर भाजा. आधी कणीक कोरडी वाटेल, पण वीसेक मिनिटांत ती तूप सोडून हलकी होते, रंग बदामी होतो आणि घरभर खमंग वास सुटतो. तोपर्यंत घाई करू नका, कारण कच्च्या कणकेची चव गुळाने झाकली जात नाही. एक वाटी पॉलिशचे तीळ वेगळे कोरडे भाजून, निम्मे अख्खे ठेवा आणि निम्मे मिक्सरवर थांबत थांबत भरड करा. सलग फिरवलेत तर तेल सुटून गोळा होतो. ते कणकेत मिसळून गॅस बंद करा, दोन मिनिटे थांबा आणि मग सव्वा वाटी बारीक किसलेला साधा गूळ घाला. गॅस चालू असताना गूळ घातला तर त्याचा पाक होतो आणि वडी पुन्हा कडक होते. बहुतेकांचे इथेच चुकते. वेलची घालून, तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने दाबून थापा आणि गरम असतानाच सुरीने रेषा पाडून ठेवा.

मिश्रण भुरभुरीत वाटले तर चमचाभर गरम तूप घाला, पाणी किंवा दूध घालू नका. पाण्याचा अंश नसल्याने वड्या आठवडाभर सहज टिकतात. म्हणजे तुम्हाला रविवारीच करून ठेवता येतील.

प्रतिसाद २

मी अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये राहते. माझ्या मुलाच्या वर्गात घरी केलेला खाऊ नेता येत नाही, केवळ बंद पाकिटातील आणि घटकांची यादी असलेला चालतो. इथे १ जानेवारी २०२३ पासून तीळही मुख्य ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत आहे. म्हणून एक विनंती करते : त्या मुलाला तीळ चालतात हे तुम्ही विचारलेत ते योग्यच केले, पण वर्गातील आणखी कोणाला तिळाचा त्रास होतो का, हेही बाईंकडून सर्व पालकांना एकदा विचारून घ्या.

भारतातही बंद पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख करणे बंधनकारक आहे. त्यामुळे तीळ, कणीक, खोबरे सुटे न घेता पाकिटातील घ्या आणि मागची बारीक अक्षरे वाचा. तीळ भरड करायला मिक्सरपेक्षा खलबत्ता बरा, फक्त त्यात कधी दाणे कुटलेले नसावेत. कढई, उलथने, ताट आणि डबा साबणाने घासून घ्या, आणि त्या रात्री ओट्यावर कुटाचा डबा येऊ देऊ नका.

मूळ धागाकर्ता

आपणा दोघींचे मनापासून आभार. काल रात्री दिलेल्या प्रमाणाने गुळपापडी केली. पाऊण वाटी तूप किंचित कमी पडले, आणखी दोन चमचे घातल्यावर मिश्रण मुठीत धरून राहू लागले. दीड इंचाच्या ३० वड्या झाल्या, म्हणजे दुप्पट प्रमाण पुरेसे होईल. सकाळी वडी बोटांना चिकटली नाही आणि पुढचे दात नसलेल्या आमच्या परीक्षकाने ती दाढेखाली न धरता सहज खाल्ली.

मिक्सर वापरला नाही. शेजारच्या आजींकडे केवळ वेलची कुटण्यासाठी ठेवलेला छोटा पितळी खलबत्ता होता, तो आणला. बाईंनी पालकांच्या गटावर तिळाबद्दल विचारणा केली असून अद्याप कोणी हरकत घेतलेली नाही. दोन पालकांचे उत्तर यायचे आहे. वापरलेल्या सर्व पाकिटांच्या मागील बाजूची छायाचित्रे त्या मुलाच्या आईला पाठवली आणि त्यांच्या सूचनेनुसार चार वड्या त्यांच्या घरी दिल्या आहेत, म्हणजे शाळेत खाण्याआधी तो घरी, त्यांच्या डोळ्यांसमोर खाऊन पाहील. त्यांचा होकार आला की रविवारी पुढचा घाणा काढेन.