मदत हवी आहे: कबड्डीत डोक्याला मार, महिना होत आला तरी बहीण बरी नाही. मुलींना खरंच जास्त वेळ लागतो का?

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण दादरच्या एका कॉलेजात एस.वाय.बी.कॉम.ला आहे, कॉलेजच्या संघात चढाई करते. गेल्या महिन्यातल्या सामन्यात लेफ्ट कॉर्नरने (डाव्या टोकाच्या बचावपटूने) तिचा घोटा धरला, ती सुटायला वळली तेवढ्यात कव्हरने (कॉर्नरच्या आतल्या बाजूच्या बचावपटूने) अंगाने धडक मारली आणि तिचं डोकं मागच्या बाजूने मॅटवर आपटलं. बेशुद्ध वगैरे पडली नाही. उठली, पाणी प्यायली आणि सामना संपेपर्यंत खेळली. कोणी थांबवलं नाही. घरी आल्यावर मळमळ सुरू झाली आणि आई काय विचारतेय ते तिला दोन-दोनदा सांगावं लागायला लागलं. रात्रीच इस्पितळात नेलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला. कन्कशन आहे, म्हणजे मेंदूला धक्का बसलाय, आराम करू द्या, एवढं सांगून घरी पाठवलं.

अजून बरं नाही. ताळेबंद सोडवायला बसली की एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना ओळ सुटते, बोट ठेवून वाचावं लागतं, आणि थोड्याच वेळात कपाळ ठणकायला लागतं. स्टेशनवर उभी असताना समोरून फास्ट गाडी धडधडत गेली की हात आपोआप माझ्या दंडाकडे येतो. मान सकाळपासून आखडलेली असते.

याच मोसमात मुलांच्या संघातल्या एकाला असाच मार बसला होता, तो दोन आठवड्यांत मॅटवर परत आला. तेव्हापासून तिचे कोच सर म्हणतात, "मुलींना वेळ लागतोच, त्या मनाला लावून घेतात." घरी काकूंचं वेगळंच: अंधाऱ्या खोलीत पडून राहा, मोबाइल नको, पुस्तक नको, बाहेर नको. या दोन टोकांमध्ये पोरगी रडकुंडीला आली आहे. जी मुलगी परळहून पहाटे सरावाला सगळ्यांच्या आधी पोहोचायची, तिला 'मनाला लावून घेते' म्हणताना मला सहन होत नाही, म्हणून मिळेल ते वाचून काढलं.

अमेरिकेत 2014 पासून कॉलेज खेळाडूंच्या कन्कशनचा केअर नावाचा मोठा प्रकल्प चालू आहे. त्यातल्या 2021 च्या अभ्यासात सॉकर, बास्केटबॉलसारख्या मुली आणि मुलं दोघंही खेळतात त्याच खेळांतली 1071 कन्कशन्स तपासली. बरं होण्याच्या काळात एकंदरीत फरक सापडला नाही, दोघांनाही साधारण दोन आठवडे. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या इस्पितळातल्या अभ्यासात शाळकरी मुली मुलांपेक्षा उशिरा बऱ्या होताना दिसल्या खऱ्या, पण त्या तज्ज्ञांपर्यंतच उशिरा पोहोचत होत्या. ज्या पहिल्या आठवड्यात पोहोचल्या त्यांच्यात आणि मुलांत फरक उरला नाही. आणि 2016 मध्ये पीडिअ‍ॅट्रिक्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात मार बसल्याबरोबर बाहेर काढलेल्या किशोरवयीन खेळाडूंना सरासरी 22 दिवस लागले, खेळत राहिलेल्यांना 44. हे वाचून मला घाम फुटला. आमची खेळत राहिली होती आणि तो मुलगा लगेच बाहेर बसवला गेला होता.

या अभ्यासांत कबड्डी नाही हे मलाही कळतं. पण आपल्याकडे कबड्डीतल्या मुलींसाठी असं काही कुणी मोजलं असेल तर मला जरूर सांगा.

मदत अशी हवी आहे: चक्कर आणि मान या दोन्हींवर एकत्र काम करणारे फिजिओ दादर-परळ-माटुंगा पट्ट्यात कोण आहेत? न्यूरॉलॉजिस्टकडे परत जावं की स्पोर्ट्स मेडिसिनवाल्यांकडे? परीक्षा तोंडावर आहे, कॉलेजकडून जास्तीचा वेळ कसा मागायचा? आणि सरांशी बोलायचं कसं? ते वाईट नाहीत, त्यांनी तिला घडवलं आहे.

प्रतिसाद: गिरगावची_फिजिओ

ताई, आधी धोक्याची लक्षणं सांगते. वारंवार उलट्या, डोकेदुखी वाढतच जाणं, गुंगी, एकाचे दोन दिसणं, हातापायात अशक्तपणा, झटका, यातलं काही दिसलं तर धागा बाजूला ठेवून तडक इस्पितळ गाठा.

ते नसेल तर अंधारी खोली बंद करा. खेळातल्या कन्कशनवरच्या 2022 च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेत जगभरच्या तज्ज्ञांनी जे ठरवलं, ते 2023 ला प्रसिद्ध झालं. पहिले 24 ते 48 तास बेताची विश्रांती, स्क्रीन कमी, त्यानंतर चालणं किंवा स्थिर सायकल. त्रास दहापैकी दोन गुणांपेक्षा जास्त वाढला नाही आणि तासाभरात उतरला, तर चालतं. दहा दिवसांनंतरही चक्कर, मानदुखी, डोकेदुखी राहिली तर मान आणि तोल या दोन्हींचे व्यायाम सुचवलेले आहेत. तुम्ही लिहिलेली ओळ सुटणं आणि गाडी गेल्यावर आधार शोधणं वाचून मला नजर आणि तोल यांच्या ताळमेळाची तपासणी आधी करून घ्यावीशी वाटते. या व्यायामात भिंतीवर चिकटवलेल्या अक्षरावर नजर रोखून मान हळूहळू डावी-उजवी हलवायची असते. दिसायला सोपं, पण सुरुवातीला मुलींना घाम येतो. यूट्यूबवरून मात्र करू नका, मान तपासल्याशिवाय नाहीच.

सीटी नॉर्मल येणं अपेक्षितच असतं, तो रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधायला असतो. पेशींच्या पातळीवरचा बिघाड त्यात दिसत नाही. चार आठवड्यांपुढे लक्षणं राहिली तर पुन्हा नीट मूल्यमापन करतात, म्हणून आता न्यूरॉलॉजिस्टना भेटाच आणि कॉलेजसाठी चिठ्ठी तिथेच मागा: जास्तीचा वेळ, मध्ये विश्रांती, झगमगत्या ट्यूबलाइटखालची जागा नको, असं स्पष्ट लिहून.

प्रतिसाद: मॅटवरची

मी विद्यापीठ स्तरावर कव्हर खेळले आहे. सरांना अभ्यास दाखवू नका, टप्पे दाखवा: चालणं, हलकं धावणं, एकट्याने पायांच्या हालचाली, मग अंगाला हात न लागणारा सराव, आणि डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरच पकडी. प्रत्येक टप्प्याला किमान 24 तास. कोच लोकांना सरावाचा तक्ता लगेच समजतो.

शिवाय मानेचा व्यायाम आपल्या मुलींना कोणी शिकवतच नाही. अमेरिकेतल्या शाळकरी खेळाडूंवर 2014 चा अभ्यास आहे: मानेची ताकद एका पौंडाने वाढली की कन्कशनची शक्यता सुमारे 5 टक्क्यांनी कमी दिसली. बरी झाल्यावर हे अख्ख्या संघाला करायला लावा.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. काकूंना प्रतिसाद वाचून दाखवला, खिडकीचे पडदे उघडले आहेत. संध्याकाळी कामगार मैदानाला दोन फेऱ्या मारून आलो, डोकं थोडं दुखलं पण जेवणापर्यंत उतरलं. टप्प्यांचा तक्ता मराठीत हाताने लिहून काढते आहे, शनिवारी सरावानंतर सरांना भेटेन. मार बसला की खेळाडूला त्याच मिनिटाला बाहेर, मग ती मुलगी असो वा मुलगा, हा नियम त्यांनी संघाला घालून द्यावा असंही सांगणार आहे. फिजिओताई, तुम्ही स्वतः दादरच्या जवळपास पेशंट बघत असाल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शनिवार सोडून कुठल्याही दिवशी तिला घेऊन येईन.